३२ चौरस मीटर, ६० परार्ध

आपलं शरीर बाहेरच्या जगाला सर्वांत जास्त कुठे भिडतं, असं विचारलं तर बहुतेक जण त्वचेकडे बोट दाखवतील. पण प्रौढ माणसाची त्वचा जेमतेम दोन चौरस मीटर भरते. खरी मोठी सीमा आत आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणारा अन्नमार्ग दोन्ही टोकांना उघडा असतो. त्यामुळे गिळलेला घास पोटात गेला तरी तो काटेकोरपणे पाहता शरीराच्या बाहेरच असतो. आतड्याच्या अस्तरातून तो पलीकडे रक्तात उतरला, तरच आत आला. हे अस्तर म्हणजे आतड्याची श्लेष्मल त्वचा. कोणाला आत घ्यायचं, कोणाला थोपवायचं आणि कोणाकडे सरळ दुर्लक्ष करायचं, हा निर्णय तिथे क्षणोक्षणी होत असतो.

दिवसाला दीड किलो अन्न धरलं, तर सत्तर वर्षांच्या आयुष्यात सुमारे ३८ टन अन्न या अस्तरावरून सरकतं. त्याशिवाय रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. त्यातलं आपण प्यालेलं पाणी दोनेक लिटर. बाकीचा द्रव म्हणजे लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा स्वतःचा रस. यातला जवळजवळ सगळा द्रव आतडं परत शोषून घेतं. मलावाटे बाहेर जातो तो शंभर-दोनशे मिलीलिटर. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर ही ये-जा दोन लाख लिटरच्या वर जाते.

टेनिस कोर्टाचा आकडा खोटा निघाला

आतड्याचं अस्तर उलगडलं तर टेनिसचं कोर्ट व्यापेल, हे वाक्य कित्येक पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं आहे. म्हणजे सुमारे २६० चौरस मीटर. हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहिला. २०१४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हेर्बर्ट हेलांडर आणि लार्स फेंड्रिक्स या संशोधकांनी जिवंत माणसांच्या तपासण्यांतली मापं आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या नमुन्यांची मापं एकत्र करून हिशेब नव्याने मांडला. उत्तर आलं सुमारे ३२ चौरस मीटर. त्यातलं मोठ्या आतड्याचं दोनच चौरस मीटर. चौरस फुटांत सांगायचं तर साधारण ३४५, म्हणजे मुंबईतल्या एका वन-रूम-किचनएवढं.

आकडा आठ पटींनी खाली आला म्हणून आश्चर्य कमी होत नाही. जिवंत माणसात लहान आतडं तीनेक मीटर लांब आणि जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असतं. एवढ्याशा नळीत इतकी जागा मिळते ती घड्यांमुळे. अस्तराला आधी वर्तुळाकार घड्या पडतात. त्या घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे उंचवटे उभे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक व्हिलसवर पेशींचा एक थर असतो आणि त्यातल्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या उंचीचे हजारो मायक्रोव्हिलाय असतात. व्हिलाय आणि मायक्रोव्हिलाय मिळून लहान आतड्याचा पृष्ठभाग ६० ते १२० पट वाढतो.

आता जाडी पाहा. या साऱ्या पसाऱ्यावर अन्न आणि रक्त यांच्यामध्ये उभा असतो तो पेशींचा एकच थर. त्याची उंची मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा भाग. त्वचेवर मृत पेशींचे थरावर थर असतात; इथे तसं काही नाही. असण्याची सोयही नाही, कारण जाड भिंतीतून अन्न शोषता येत नाही. पोषण हवं तर थर पातळ हवा आणि संरक्षण हवं तर थर भक्कम हवा. या दोन उलट गरजा आतड्याने एकाच जागी भागवल्या आहेत. पुढचे सगळे अचाट आकडे या एका अडचणीतून जन्माला आले आहेत.

सेकंदाला साडेचार लाख

पातळ थर टिकवण्याचा पहिला उपाय म्हणजे तो टिकवायचाच नाही. सतत नवा करायचा.

दोन व्हिलायच्या मध्ये खोल खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूलपेशी असतात. २००७ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने या मूलपेशींची नेमकी ओळख पटवली. त्यांच्या विभाजनातून निघालेल्या पेशी हळूहळू वर सरकतात. सरकता सरकताच कोण शोषक होणार, कोण श्लेष्म बनवणार, हे ठरत जातं. व्हिलसच्या टोकाला पोचल्या की त्या अस्तरापासून सुटून आतड्याच्या पोकळीत पडतात. जन्मापासून मरणापर्यंतचा हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांचा.

२०२१ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी माणसाच्या शरीरात रोज किती पेशी बदलल्या जातात याचा हिशेब मांडला. आकडा आला सुमारे ३३ हजार कोटी. त्यातल्या बहुतेक रक्तपेशी. पण सुमारे १२ टक्के, म्हणजे जवळपास ४ हजार कोटी पेशी एकट्या आतड्याच्या अस्तरातल्या. दर सेकंदाला साडेचार लाखांच्या वर. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या पोटात वीसेक लाख पेशी गळून पडल्या आणि तितक्याच नव्या त्यांच्या जागी आल्या. सत्तर वर्षांची बेरीज एकावर पंधरा शून्यांच्या घरात जाते.

यात संरक्षणाचा मोठा भाग आहे. एखाद्या विषाणूने अस्तरातली पेशी ताब्यात घेतली तरी ती पेशी काही दिवसांत शरीर सोडून जाणारच असते. साधा जुलाब आठवड्याभरात आपोआप थांबतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि इतक्या वेगाने पेशी गळत असताना थराला भोक पडत नाही, हे तर त्याहून मोठं नवल. टोकावरची पेशी सुटत असतानाच शेजारच्या पेशी तिच्याखाली सरकून सांधा बंद करतात.

शेजारी ३८ लाख कोटी

या थराच्या पलीकडे कोण राहतं? माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं आपण अनेकदा वाचलं आहे. या आकड्याचा माग काढत गेलं की १९७२ साली थॉमस लकी या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने केलेल्या एका ढोबळ अंदाजापाशी पोचता येतं. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी तो तपासला. त्यांच्या हिशेबाने माणसाच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे दहास एक नव्हे, जवळजवळ बरोबरी. या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं २०० ग्रॅम.

त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. जठरातल्या आम्लात मिलीलिटरमागे हजार-दहा हजार जिवाणू तग धरतात. मोठ्या आतड्यात एका ग्रॅममध्ये दहा हजार कोटी असतात. पृथ्वीवर जिवाणूंची इतकी दाट वस्ती क्वचितच सापडते. २०१० साली युरोपातल्या 'मेटाहिट' प्रकल्पाने आतड्यातल्या जिवाणूंचे ३३ लाख वेगवेगळे जनुक मोजले. माणसाचे स्वतःचे जनुक वीस हजारांच्या आसपास आहेत. आपल्याला न पचणारा चोथा हे जिवाणू पचवतात आणि त्यातून तयार होणारी मेदाम्लं मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य खाद्य ठरतात. त्यांना मारून टाकणं परवडणारं नाही आणि रक्तात उतरू देणंही परवडणारं नाही. कारण तेच जिवाणू रक्तात पसरले तर काही तासांत जीव धोक्यात येतो.

मग त्यांना दूर ठेवायचं कसं? त्यासाठी आहे श्लेष्म. अस्तरातल्या गॉब्लेट पेशी म्यूक-२ नावाचं प्रथिन तयार करतात. पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची ही साखळी साखरेच्या शाखांनी वेढलेली असते. बाहेर पडताच ती पाणी शोषते, फुगते आणि तिचं जाळं तयार होतं. २००८ साली गोथेनबर्गमधल्याच मालिन योहान्सन आणि गुन्नर हान्सन यांच्या गटाने उंदरांत दाखवून दिलं की मोठ्या आतड्यात या श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरचा थर सैल, त्यात जिवाणू सुखाने राहतात. आतला थर घट्ट, त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. माणसात हा आतला थर मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. एका बाजूला ग्रॅममागे दहा हजार कोटी जिवाणू, दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य आणि मधलं अंतर एवढंसं. ज्या उंदरांत म्यूक-२ बनतच नाही, त्यांच्या अस्तराला जिवाणू थेट चिकटतात, आतड्याला सूज येते आणि पुढे कर्करोगही होतो.

लहान आतड्यात श्लेष्माचा थर विरळ असतो, कारण तिथे अन्न शोषायचं असतं. तिथे खळग्यांच्या तळाशी, मूलपेशींना खेटून पॅनेथ पेशी असतात. योझेफ पॅनेथ यांनी १८८८ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं. जिवाणूंच्या आवरणाला छिद्रं पाडणारी छोटी प्रथिनं त्या खळग्यात सोडतात. हजारो कोटी पेशींचा रोजचा जन्म ज्या मूलपेशींवर अवलंबून, त्यांच्या शेजारीच ही सोय आहे.

साठ परार्ध

आता या लेखातला सर्वांत मोठा आकडा. प्रतिपिंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रक्त येतं, कारण तपासणीसाठी रक्तच काढलं जातं. पण शरीरात रोज तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी सर्वांत मोठा वाटा रक्तात राहत नाही. 'आयजीए' नावाचे हे प्रतिपिंड श्लेष्मल त्वचेतून बाहेर पाझरतात. १९६५ साली अमेरिकेतल्या थॉमस टोमासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळेत आणि चिकाच्या दुधात त्यांचं खास रूप दाखवून दिलं. प्रौढ माणसाच्या आतड्यात रोज तीन ते पाच ग्रॅम आयजीए सोडलं जातं. बाकी सगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं रोजचं उत्पादन एकत्र केलं तरी ते याहून कमी भरतं.

चार ग्रॅम म्हणजे चमचाभरही नाही. पण त्यातले रेणू मोजून पाहू. आतड्यात सुटणाऱ्या आयजीएचा रेणुभार सुमारे चार लाख. म्हणून चार ग्रॅममध्ये रेणू होतात सहावर अठरा शून्यं. कोटीच्या भाषेत ६० हजार कोटी कोटी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली संख्यांची यादी अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत जाऊन परार्धावर थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपलं आतडं रोज असे साठ परार्ध प्रतिपिंड सोडतं. दर सेकंदाला सुमारे ७० लाख कोटी. आतड्यातल्या जिवाणूंत ते समान वाटले, तर प्रत्येक जिवाणूच्या वाट्याला दिवसाकाठी दीड लाख येतील. आणि सत्तर वर्षांत तयार झालेल्या आयजीएचं वजन भरतं सुमारे शंभर किलो, म्हणजे बहुतेकांच्या स्वतःच्या वजनाहून जास्त.

हे बाहेर येतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी अस्तराच्या खाली असतात, त्यामुळे माल पेशींच्या थरातून पलीकडे न्यावा लागतो. नॉर्वेतल्या ऑस्लोचे पेर ब्रांटझेग यांनी या वाहतुकीची रीत १९७० च्या दशकात मांडली. अस्तरातल्या पेशीच्या तळाशी एक ग्राही प्रथिन आयजीएला पकडतं, पेशीतून आरपार नेतं आणि पलीकडे सोडताना स्वतःचा मोठा तुकडा त्याला जोडून देतं. या तुकड्यामुळे पाचक रसांत आयजीए लवकर विरघळत नाही. ते ग्राही प्रथिन पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे प्रत्येक खेपेला एक नवं ग्राही प्रथिन, आणि रोजच्या साठ परार्ध खेपांसाठी तितकीच ग्राही प्रथिनं.

एवढं सगळं करून आयजीए जिवाणूंना मारत मात्र नाही. ते त्यांना झाकतं, चिकटवतं, अस्तरापर्यंत पोचू देत नाही. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली उंदरांत साल्मोनेला जिवाणूंवर दाखवलं की एका जिवाणूचे दोन होतात, तेव्हा आयजीए त्या दोघांना एकमेकांपासून सुटू देत नाही. दोनाचे चार, चाराचे आठ होत एक जुडगा तयार होतो आणि मलाबरोबर बाहेर पडतो. मारामारी नाही, म्हणून सूज नाही. सूज नाही, म्हणून पातळ थराला इजा नाही.

सत्तर टक्के प्रतिकारशक्ती पोटात?

"तुमची सत्तर टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते" हे वाक्य सध्या प्रोबायोटिकच्या जाहिरातींपासून आरोग्याच्या संदेशांपर्यंत सगळीकडे फिरतं. २०२३ साली सेंडर आणि मिलो यांच्याच गटाने शरीरातल्या प्रतिकारपेशींची शिरगणती प्रसिद्ध केली. एकूण पेशी सुमारे १ लाख ८० हजार कोटी, वजन १.२ किलो. त्यातल्या सुमारे ४० टक्के अस्थिमज्जेत आणि जवळपास तितक्याच लसिका ग्रंथी, प्लीहा या जाळ्यात. आतड्याच्या वाट्याला येतात फक्त तीनेक टक्के.

म्हणजे आतड्याचं महत्त्व घटलं का? नाही. फक्त ते कुठे आहे हे नेमकं कळलं. शरीरातल्या दर दहा प्लाझ्मा पेशींपैकी सात-आठ आतड्याच्या अस्तरात असतात. त्यांची संख्या मर्यादित, पण प्रत्येक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंड बाहेर टाकते. शिवाय त्या अल्पायुषी नाहीत. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि नंतर हळूहळू घटत गेला. पेशीच्या जनुकद्रव्यातला कार्बन-१४ मोजून ती कोणत्या काळात जन्मली हे सांगता येतं. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१७ साली या मोजणीच्या आणि आतडं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या नमुन्यांच्या आधारे दाखवलं की आतड्यातल्या काही प्लाझ्मा पेशी दशकानुदशकं जगतात. वरचा थर पाच दिवसांत बदलतो आणि त्याच्याखाली लहानपणीच्या आजाराची ओळख जपणारी पेशी वीस वर्षं काम करत असते.

ही ओळख पटते कुठे? लहान आतड्याच्या भिंतीत लसिकापेशींचे पुंजके असतात. स्वित्झर्लंडच्या योहान कोनराड पेयर यांनी १६७७ साली त्यांचं वर्णन केलं. माणसात ते शंभर ते अडीचशे असतात. पौगंडावस्थेत सर्वाधिक, पुढे वयानुसार कमी. त्यांच्यावरच्या 'एम' पेशी पोकळीतले कण मुद्दाम उचलून खालच्या पेशींना दाखवतात. याशिवाय लहान आतड्यात दर पाच ते दहा अस्तरपेशींमागे एक लसिकापेशी थरातच मिसळून बसलेली असते.

सोसण्याची ताकद

इतकी तयारी असलेल्या जागेचं सर्वांत मोठं कर्तृत्व हे की तिथे बहुतेक वेळ काहीच घडत नाही. ३८ टन परकं अन्न येतं आणि सहसा एकाही घासावर हल्ला होत नाही. १९११ साली शिकागोमध्ये वेल्स आणि ऑसबॉर्न यांनी गिनीपिगांना आधी मका खाऊ घातला. नंतर त्याच मक्याचं प्रथिन टोचलं तेव्हा त्यांना जीवघेणी ॲलर्जी झाली नाही. तोंडावाटे आलेल्या गोष्टीला सोसायचं, हे शरीर शिकलं होतं. हे शिकवणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. या पेशी ज्या जनुकावर अवलंबून आहेत, तो जन्मतःच बिघडला असेल तर त्या बाळाचं आतडं पहिल्याच महिन्यांत स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या माऱ्याखाली उद्ध्वस्त होतं. गव्हातल्या ग्लुटेनबाबत हे सोसणं फसतं तेव्हा सिलिअॅक आजार होतो आणि व्हिलाय झिजून सपाट होतात. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे.

हे सोसणं शिकवता येतं, आणि ते लवकर शिकवावं लागतं. लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या गटाने ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर अभ्यास केला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. त्याआधी अनेक वर्षं पालकांना याच्या नेमका उलटा सल्ला दिला जात होता.

पहिल्या दिवसाचे सहा परार्ध

हे सगळे आकडे प्रौढ माणसाचे झाले. नवजात बाळाच्या आतड्यात स्वतःचं आयजीए जवळजवळ नसतं. वारेतून आईचे रक्तातले प्रतिपिंड बाळाला मिळतात, पण आयजीए वार ओलांडत नाही. ते येतं दुधातून, आणि सर्वांत जास्त येतं चिकाच्या दुधातून. चिकात लिटरमागे दहा ग्रॅमांच्या आसपास आयजीए असतं. नंतरच्या दुधात एक ग्रॅमच्या आसपास. पहिल्या दिवशी येणारं चिकाचं दूध थोडंसंच, चाळीसेक मिलीलिटर. तरी त्यात सहा परार्धांच्या घरात प्रतिपिंड असतात. आणि ते वाटेल त्या जंतूंविरुद्धचे नसतात. आईच्या आतड्यात ज्या जंतूंची ओळख पटली, त्यांच्याविरुद्ध तयार झालेल्या पेशी तिथून स्तनांत येऊन वसतात. आई जे पाणी पिते, ज्या घरात राहते, तिथल्याच जंतूंविरुद्धचं संरक्षण बाळाला मिळतं. कोणत्याही कारखान्यात हे बनवता येत नाही. तरीही चीक जड असतो म्हणून तो पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, हे अजून कितीतरी घरांत घडतं. याचं मला मनापासून दुःख होतं.

पोलिओच्या थेंबांनीही याच श्लेष्मल त्वचेचा आधार घेतला. टोचलेली लस रक्तात प्रतिपिंड तयार करते आणि मुलाला लकव्यापासून वाचवते. पण विषाणू आतड्यात वाढून दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतो. तोंडातून दिलेला दुबळा विषाणू आतड्यात वाढतो आणि तिथेच आयजीए तयार करवतो, त्यामुळे प्रसार थांबतो. परळच्या 'हाफकिन' या लस बनवणाऱ्या संस्थेतून थेंबांच्या असंख्य कुप्या देशभर गेल्या. उत्तर प्रदेशात एका डोसाचा परिणाम दहा टक्क्यांहूनही कमी भरत होता, म्हणून तिथल्या मुलांना पुन्हा पुन्हा थेंब द्यावे लागले. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

थेंबांचा परिणाम इतका कमी का पडला? याचं एक उत्तर अस्वच्छतेत आहे. शिगेला जिवाणूचे दहा ते शंभर कण पोटात गेले तरी हगवण होऊ शकते. दूषित पाणी वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की व्हिलाय आखूड होतात, अस्तर कायम सुजलेलं राहतं, अन्न नीट शोषलं जात नाही आणि तोंडावाटे दिलेली लसही नीट लागू पडत नाही. रोटाव्हायरसच्या लसीतही हेच दिसलं. 'रोटावॅक'ची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे ६,७९९ तान्ह्या मुलांवर झाली. पहिल्या वर्षात तिने रोटाव्हायरसमुळे होणारे गंभीर जुलाब ५६ टक्क्यांनी कमी केले. श्रीमंत देशांत अशा लसींचा परिणाम ८५ टक्क्यांच्या वर जातो. तरी हे ५६ टक्के थोडे नव्हेत, कारण लस येण्यापूर्वी रोटाव्हायरसमुळे भारतात वर्षाला सुमारे ७८ हजार बालकं दगावत होती, असा अंदाज आहे. आज 'रोटावॅक'बरोबर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल' ही लसही वापरात आहे.

आणि जुलाब लागलेच, तरी अस्तराचं एक दार बहुतेक वेळा उघडं राहतं. कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, पण पेशींचा थर शाबूत असतो. त्यातलं एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढत राहतं आणि त्यांच्यामागे पाणी येतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी भांड्यांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. कॉलऱ्याने तीस टक्क्यांपर्यंत माणसं दगावत होती. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

आतड्याचं संरक्षण म्हणजे महागडी बाटली किंवा जाहिरातीतली पावडर, असा समज पसरतो आहे. आकडे वेगळं सांगतात. पातळ अस्तर जपण्याचं काम शरीर स्वतः करतं, अफाट प्रमाणावर करतं. आपल्याकडून त्याला थोडीच मदत लागते. घरात बाळ जन्मलं तर त्याला पहिल्या तासात आईचं चिकाचं दूध मिळू द्या आणि सहा महिने फक्त आईचंच दूध द्या. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नका. मुलाला जुलाब लागले तर ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळून घोट घोट पाजा, चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका.